एका बोटानं सरकणारं दार

भिंत फोडायची, हे काटकोनरावांनी सकाळी सव्वासातला ठरवलं आणि साडेसातपर्यंत ते साऱ्या गल्लीला ठाऊक झालं होतं. यात गल्लीचा काही दोष नाही. काटकोनराव मागच्या खोलीच्या भिंतीवर खडूनं नऊ फुटांची रेघ ओढत होते आणि ओढता ओढता मोठमोठ्यानं मापं म्हणत होते. बत्तीस वर्षं कालव्यांच्या खात्यात नकाशे काढलेल्या माणसाला मापं मनातल्या मनात म्हणता येत नाहीत.

काटकोनराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. कचेरीत कुणीतरी ठेवलं, ते चिकटलं आणि निवृत्तीनंतर त्यांच्याबरोबर घरी आलं. माणूसच तसा. चहाचा कप ठेवला तरी त्याचा कान टेबलाच्या कडेशी काटकोनात पाहिजे, नाहीतर चहा गळ्याखाली उतरायचा नाही. त्यांच्या बायकोला गल्लीत लहानथोर सगळे वहिनी म्हणत, आणि ही सगळी उठाठेव त्या वहिनींसाठीच चालली होती.

वहिनी दोन महिन्यांपूर्वी स्वयंपाकघराच्या मागच्या पायऱ्यांवरून पडल्या. नडगीचं हाड मोडलं, आत सळई बसली. डॉक्टरांनी हातात वॉकर दिला आणि सांगितलं, घरात खुशाल हिंडा, पण पायरी दिसली की मागे फिरा, निदान वर्षभर. आता बागेत जायला त्या तीन अरुंद पायऱ्यांवाचून दुसरी वाटच नव्हती. बाग म्हणजे काही बादशाही थाट नव्हे. गुलाबाची अकरा झाडं, एक लिंबू, जाईचा वेल, टोमॅटोचे दोन वाफे आणि कडेनं कोथिंबीर. पण तीस वर्षं रोज सकाळचे दोन तास त्या बाईनं त्या मातीत काढले होते. मागच्या खोलीत पलंग टाकला, तर बागेच्या बाजूला हवेपुरती एक खिडकी, तीही उंचावर. पलंगावरून तिच्यातून थोडं आभाळ दिसे आणि शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसे.

पहिले आठ दिवस वहिनी पलंगावरूनच बागकाम करत होत्या. पाणी घातलंत का, किती घातलंत, पानांवर घातलंत की मुळाशी, मुळाशी म्हणजे नक्की कुठे. काटकोनरावांच्या नाकी नऊ आले होते. मग प्रश्न कमी झाले, मग संपलेच. एका सकाळी त्यांनी मुद्दाम जाऊन सांगितलं, "अगं, गुलाबाच्या पानांवर काहीतरी पांढरं पडलंय." वहिनी भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "पडू दे." पस्तीस वर्षांच्या संसारात या बाईनं कुठलीही गोष्ट अशी पडू दिली नव्हती. ते तसेच स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ रिकामं पातेलं पुसत उभे राहिले. बायको अशी गप्पच होऊन बसली तर आपण काय करायचं, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. आणि उत्तर नसलं की काटकोनराव नकाशा काढतात.

तिला बागेत नेता येत नाही ना, मग बागच तिच्या खोलीला जोडू. नऊ फूट रुंद, सात फूट उंच, लाकडी, सरकतं दार. वरच्या रुळाला टांगलेलं, म्हणजे खाली वॉकरला अडायला काही नको. वॉकर धरल्यावर माणसाचं फार तर एक बोट मोकळं राहतं, तेव्हा दार एका बोटानं सरकलं पाहिजे. हे शेवटचं कलम त्यांनी नकाशाच्या कोपऱ्यात लिहून खाली दोनदा रेघ मारली. वहिनींना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "करा काय करायचं ते." त्या आवाजात रागसुद्धा नव्हता, म्हणून काटकोनरावांनी त्याच दिवशी काम सुरू केलं.

सल्ले मात्र न मागता आले. डावीकडचे शेजारी बँकेतून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म दुसऱ्यांची कपाटं तपासण्यात गेल्यामुळे कुठलीही उघडी वस्तू त्यांना सहन होत नसे. "नऊ फूट?" ते म्हणाले. "अहो, चोराला हातगाडी घेऊन आत येता येईल. सामान उचलायचे कष्टसुद्धा नकोत." दुसऱ्या दिवशी त्यांनी डासांचा मुद्दा काढला, तिसऱ्या दिवशी सापांचा, चौथ्या दिवशी उन्हानं चादरींचे रंग विटतात हा. पाचव्या दिवशी मुद्दे संपले, तेव्हा ते खुर्ची घेऊनच आले आणि देखरेखीला बसले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण काम संपेपर्यंत ती खुर्ची काही परत गेली नाही.

परवानगीचं म्हणाल, तर काटकोनराव निर्धास्त होते. कचेरीत केस पांढरे झालेला माणूस कचेरीला काय भिणार. पण खिडकीच्या आतल्या बाजूला बसणं वेगळं आणि बाहेरच्या बाजूला उभं राहणं वेगळं, हे त्यांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळायचं होतं. बांधकाम परवान्याच्या अर्जावर दोनच चौकोन होते, एक दाराचा आणि एक खिडकीचा.

"नऊ फुटांचं दार नसतं," खिडकीमागच्या बाई म्हणाल्या. "चार फुटांपर्यंत दार. त्यापुढे ते दार राहत नाही."

"मग काय होतं?"

"ते अजून ठरलेलं नाही."

काटकोनरावांनी अदबीनं सुचवलं, की मग खिडकी म्हणा. बाईंनी नकाशाकडे पाहिलं. "यातून माणूस जाणार?" "जाणार." "मग खिडकी कशी म्हणता येईल?" दोघंही आपापल्या परीनं बरोबर होती, त्यामुळे तोडगा निघायला वेळ लागला. दुसऱ्या खेपेला बाईंनी वरिष्ठांना विचारून नवा प्रकार पैदा केला, तो म्हणजे 'भिंतीचा अंशतः अभाव'. अभावाला रुंदीची मर्यादा नव्हती. काटकोनराव खूश झाले, तोच बाईंनी नकाशा परत सरकवला. उत्तर दिशा दाखवायची राहिली होती.

हा घाव मात्र वर्मी बसला. उत्तर दिशेचा बाण नाही म्हणून खुद्द काटकोनरावांनी बत्तीस वर्षांत किती जणांचे नकाशे परत पाठवले असतील, याला गणती नाही. एकाला तर ते म्हणाले होते, की ज्याला उत्तर माहीत नाही त्यानं प्रश्नच काढू नये. आणि आता बाई सहज, अगदी सहानुभूतीनं विचारत होत्या, "नवख्याकडून काढून घेतलात का नकाशा?"

"हो," काटकोनराव खाली मान घालून म्हणाले, "नवखाच आहे."

त्यांनी बाकावर बसून बाण काढला, तोही असा ठसठशीत, की त्याच्यापुढे घर किरकोळ वाटावं. बाईंनी बाण पाहिला, बाकीच्या कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि शिक्का मारला.

आता सुतार. मिस्त्री म्हणून जो आला, तो चाळीस वर्षं दारं करत होता आणि त्यानं आजवर एकही नकाशा वाचला नव्हता. काटकोनरावांनी टेबलावर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवली आणि मिलिमीटरमध्ये बोलायला सुरुवात केली. मिस्त्रीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "चित्र छान आहे, साहेब," तो म्हणाला. "आता माप सांगा." त्याचं माप इंच आणि सूत, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मग पुढचे दोन तास एक जण मिलिमीटरचे सूत करत होता आणि दुसरा सुताचे मिलिमीटर. मधे इन्स्पेक्टर हातचे धरत होते.

"हे लाकूड साडेचार इंच जाड?" मिस्त्री मधेच थांबला. "पलीकडे पाणी भरणार आहे का, साहेब?"

काटकोनरावांचा पारा चढला. कचेरीत त्यांना नवखा ठरवून झालं होतं, आता घरात सुतारही शंका काढायला लागला. "मिस्त्री," ते म्हणाले, "हा नकाशा बत्तीस वर्षांच्या अनुभवातून आलाय. नकाशात आहे ते करायचं. नकाशात नाही ते करायचं नाही, आणि विचारायचंही नाही."

"बरं," मिस्त्री म्हणाला. त्यानं पेन्सिल कानावर ठेवली आणि त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावलं.

भिंत फुटली. धूळ इतकी उडाली, की वहिनींना पलंगासकट पुढच्या खोलीत हलवावं लागलं. तिथून आभाळही दिसेना. बायका चौकशीला येत, पायाबद्दल विचारत, वहिनी "हं" म्हणत आणि परत गप्प होत. काटकोनराव दाराच्या फटीतून हे बघत आणि आणखी जोरानं कामाला लागत. भिंतीच्या भोकावर ताडपत्री लावली होती. ती उचलून ते दिवसातून चाळीसदा बाहेर उडी मारत, बाहेरून माप घेत, परत आत चढत. शेजारच्या कुत्र्यानंही ती वाट ओळखीची करून घेतली आणि दुपारचं झोपायला ते नियमानं वहिनींच्या रिकाम्या जागेवर येऊ लागलं. इन्स्पेक्टर म्हणाले, "मी चोर म्हणालो होतो, सुरुवात कुत्र्यापासून झाली."

पंधराव्या दिवशी पहिली झडप तयार झाली. ती उचलायला मिस्त्री, मिस्त्रीचा भाऊ, गवंडी आणि स्वतः काटकोनराव असे चौघं लागले. ती कशीबशी रुळाला टांगली. रूळ कुरकुरला आणि मधोमध बोटभर वाकला. काटकोनरावांनी पुढे होऊन एक बोट लावलं. मग दोन लावली. मग खांदा लावला. शेवटी गवंडी आणि मिस्त्रीच्या भावानं मिळून रेटा दिला तेव्हा झडप दीड इंच सरकली आणि तिथेच रुतली.

काटकोनराव टेबलाशी जाऊन हिशेब तपासू लागले. हिशेबात चूक नव्हती, हेच तर दुखणं होतं. कालव्याच्या झडपेवर पाण्याचा दाब असतो, म्हणून गरजेच्या तिप्पट जाड लाकूड धरायचं, ही त्यांच्या हाताची बत्तीस वर्षांची सवय. त्या सवयीनं त्यांनी बायकोच्या झोपायच्या खोलीला सहा फूट पाणी अडवणारं दार काढून दिलं होतं. मिस्त्री लांब उभा राहून रंध्याचं पातं पुसत होता. तो काही बोलला नाही, आणि त्याच्या त्या न बोलण्यानं काटकोनरावांचे कान लाल झाले.

दुसरा कुणी असता तर ताडपत्रीच्या जागी विटा रचून मोकळा झाला असता. काटकोनरावांनी त्याच दुपारी नवा कागद घेतला. जाड फळ्या गेल्या, त्यांच्या जागी सव्वा इंचाच्या चौकटी आल्या आणि चौकटींत काच आली. नाहीतरी दार बंद असताना बाग दिसायची कशातून, हा प्रश्न पहिल्या नकाशाला पडलाच नव्हता. तीन फुटांच्या तीन झडपा एकीमागे एक सरकत भिंतीच्या उरलेल्या भागावर जातील, असं ठरलं. त्या भागावर कपाट होतं. कपाट हलवलं. कपाटामागे विजेचा बोर्ड निघाला, तो तसाच ठेवून दार बसवलं, तेव्हा लक्षात आलं, की दार उघडं असलं तर बटणं दाराआड जातात आणि पंखा लावायचा तर आधी बाग बंद करावी लागते. बोर्ड हलवायला वीजतंत्री आला. त्यानं बोर्ड हलवला आणि जाता जाता पुढच्या खोलीतला दिवा बंद पाडून गेला. तो दिवा लावायला परत त्यालाच बोलावला.

रुळाची चाकं तीनदा बदलली. पहिली कर्कश वाजत होती, दुसरी मुकी होती पण जड होती, तिसरी गावाबाहेरच्या एका लोखंडवाल्याकडे मिळाली, तिथे काटकोनराव दोनदा जाऊन आले, कारण पहिल्यांदा त्यांनी चार आणली आणि लागत होती सहा. रोज संध्याकाळी ते झडपेला एक बोट लावून बघत. "अजून जड आहे," म्हणत आणि मिस्त्री मुकाट्यानं रंधा घेई. इन्स्पेक्टरांचाही सूर हळूहळू बदलला. आता ते आल्यागेल्याला खुर्चीतूनच सांगू लागले, "आमचं दार एका बोटानं सरकणार आहे."

आणि एका सकाळी सरकलं. काटकोनरावांनी करंगळी लावली, आणि लोण्यातून सुरी जावी तशी झडप निघून गेली. त्यांनी परत लावली, परत सरकली. सात वेळा करून पाहिलं. मग त्यांनी अंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि वहिनींना आणायला गेले.

वहिनी वॉकर पुढे टाकत, एकेक पाऊल उचलत आल्या. खोलीत मिस्त्री होता, त्याचा भाऊ होता, गवंडी खास बघायला आला होता आणि इन्स्पेक्टर प्रथमच खुर्चीतून उठून उभे राहिले होते. दारावर आतून चादर लावली होती, ती काटकोनरावांनी ओढून काढली.

"एक बोट लाव," ते म्हणाले.

वहिनींनी उजवा हात वॉकरवरच ठेवून तर्जनी पुढे केली. तीनही झडपा एकीमागे एक सरकत गेल्या. नऊ फूट भिंत नाहीशी झाली आणि उन्हासकट सगळी बाग समोर आली. गवत माजलं होतं, जाईचा वेल लिंबावर चढून बसला होता, टोमॅटो आडवे झाले होते. वहिनींनी वॉकर उचलून एक पाऊल पुढे टाकलं, मग दुसरं, मग तिसरं. दारात पोचल्या आणि थांबल्या.

वॉकरच्या पुढच्या दोन पायांपुढे जमीन नव्हती. जमीन खाली होती.

गवंड्यानं छताकडे पाहिलं. इन्स्पेक्टर वाकले आणि हातानं माप घेत म्हणाले, "दीड फूट असेल."

"अठरा इंच," मिस्त्री म्हणाला. महिनाभरात त्यानं उच्चारलेलं हे पहिलं माप. "स्वयंपाकघराला तीन पायऱ्या आहेत ना, तेवढंच. घराचं जोतं एकच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"नकाशात नव्हतं, साहेब. नकाशात नाही ते विचारायचं नाही, असं तुम्हीच म्हणालात."

काटकोनरावांनी नकाशा उलगडला. वरून घर कसं दिसतं ते होतं. समोरून दार कसं दिसतं ते होतं. उत्तर दिशा तर वाघासारखी होती. पण घर मधोमध कापून बाजूनं पाहिलं तर वर काय आणि खाली काय, ते दाखवणारा छेद नव्हता. जन्मभर त्यांनी हातभर खोल चरांचेसुद्धा छेद काढले होते. तीन पायऱ्यांपायी हा सगळा खटाटोप, आणि नेमक्या त्या तीन पायऱ्याच राहिल्या. गेला महिनाभर दिवसातून चाळीसदा त्यांनी इथूनच उडी मारली होती. धडधाकट पायांना पायरी मोजावीशीच वाटत नाही. काटकोनराव बाजूला काढून ठेवलेल्या जाड फळ्यांवर बसले. चार माणसं बघत होती, पण त्यांना त्याचं भान उरलं नाही.

"माझं चुकलं गं," ते म्हणाले. "तुला बागेत न्यायची होती. एवढं एकच करायचं होतं."

"उतार बांधता येईल," इन्स्पेक्टर घाईघाईनं म्हणाले. "परवानगी लागेल म्हणा. उतार कुठल्या चौकोनात बसतो ते विचारावं लागेल."

वहिनींचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. त्या खाली बघत होत्या. मग त्यांनी वॉकर आडवा केला, एका हातानं चौकट धरली, दुसरा हात मिस्त्रीच्या खांद्यावर ठेवला आणि हळूहळू, ओठ दाबून, उंबऱ्यावर बसल्या. बसल्यावर दोन्ही पाय खाली सोडले. ते बरोब्बर मातीवर टेकले.

"हं," वहिनी म्हणाल्या. "खुर्चीएवढंच आहे. उंबरा याहून ठेंगणा असता तर मला बसता आलं नसतं."

मिस्त्रीनं मान डोलावली. काटकोनराव फळ्यांवरून उठून उभे राहिले. वहिनींनी पायाची बोटं मातीत रुतवली. मग त्यांनी हात लांबवून जवळच्या गुलाबाची फांदी ओढली, तिचं टोक निरखून पाहिलं, दुसरी ओढली, तीही पाहिली.

"अहो," त्या मागे न बघता म्हणाल्या, "हे गुलाब कुणी छाटले?"

"मी."

"असे?"

"म्हणजे कसे?"

"सरळ, आडवे. सगळे एका मापानं."

"काटकोनात छाटलेत," काटकोनराव म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता, तो लपला नाही. "काटकोन तपासायचा गुण्या लावून."

"गुण्या लावून," वहिनी म्हणाल्या. इन्स्पेक्टरांनी हळूच आपली खुर्ची उचलली. "अहो, गुलाब तिरका छाटतात. आडवा छाटला की वर पाणी साचतं आणि फांदी कुजते. तीस वर्षं पायरीवर उभं राहून बघत होतात ना? काय बघत होतात? आणि या टोमॅटोला काठी कोण देणार, मी? आणि हे एवढं तण, हे काय पाहुणे म्हणून ठेवलंय? उभे काय राहिलात? उतरा खाली."

काटकोनराव उतरले. इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या वर सारून वाफ्याशी गुडघे टेकले आणि हाताला आलं ते पहिलं रोप उपटलं.

"ते तण नाही," उंबऱ्यावरून आवाज आला, खणखणीत, कंपाउंडच्या पार पलीकडे ऐकू जाईल असा. "ती माझी कोथिंबीर आहे. वास घेऊन बघा. बत्तीस वर्षं सरकारनं तुम्हाला पगार कशाचा दिला, देव जाणे."

काटकोनरावांनी वास घेऊन पाहिला. कोथिंबीरच होती. ती त्यांनी परत मातीत खोवली, सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि तिथेच बसून, कित्येक आठवड्यांनंतर पहिल्यांदा, पोटभर बोलणी खाल्ली.